डाळीतले खडे

देगावचा माळ, सोलापूर
ता. ७ मार्च १९३७

इमामभाऊ,

मावशीचा सलाम आन् माझा रामराम, दोन्ही घ्या. तुमचं पत्र पोचलं. तुमची अम्मा बांगड्यांचं गाठोडं डोक्यावर घिऊन शहरातनं आमच्या वस्तीपतूर चालत आली, पत्र पदराच्या गाठीत. गाठोडं खाली ठेवायच्या आदीच म्हणती, "राजा, पैले ये बता, जिंदा है ना मेरा बच्चा?" मी म्हणलं, मावशी, मेलेला माणूस पत्र लिवत न्हाय. तर म्हणती, "उसका क्या भरोसा, वो लिख देगा!"

तिचं सांगणं आदी उतरवते. जसं बोललं तसंच लिव, शाळेतलं नक्को, असा तिचा हुकूम हाय. म्हणून मी बी बोलते तसंच लिवते. माझे वडील मुलींच्या शाळेत शिपाई हुते म्हणून चार बुकं शिकले. त्या मास्तरीणबाईंनी हे बगितलं तर पाटी डोक्यात घालतील.

"इमाम, तू रोना नक्को. पाँव कू तेल लगा के मोजे पैन. दाल में कंकर आते बोला, तो देख के चबा, तेरे दाँत तेरे बाप के जैसे हैं. भीमा के बाजू में सोते जा, वो तगडा है." येवढं सांगून ती रडली, नाक पुसलं, शेंगाच्या चटणीसंगं भाकरी खाल्ली आन् म्हणली, लिख, अम्मा मजे में है.

आता माझं.

काय वो तुमची सरहद्दीवरची पत्रं, भाऊ! थंडीनं बोटं फुगली, खेचरानं पाय तुडवला, रोटी कच्ची, डाळीत खडे, पठाणाची गोळी कानावरनं गेली तवा धोतर असतं तर वलं झालं असतं. मी पत्र वाचाय बसले की सगळी वस्ती गोळा हुती. पोरं म्हणत्यात, चला, रडक्या इमामाची पोथी लागली. आमच्या मालकांचे चुलते, येडूतात्या, तर हसून हसून डोळं पुसत्यात. तात्या सोता वीस वर्सांमागं बसऱ्याच्या लढाईला जाऊन आलेला माणूस, पर त्येला कुणी शिपाई म्हणत न्हाय. त्यो बी तुमच्यासारखाच. मेंढी व्याली तरी रडतो, कोकरू मेलं तरी रडतो.

भरतीचा दिस आठवतो का? मोहोळच्या बाजारात हवालदारानं तुमच्या छातीला फीत लावली तर तुमी "गार लागती की!" म्हणून वरडला. हवालदार म्हणला, ह्यो महिन्यात पळंल. आन् आमच्या मालकांच्या पाठीवर थाप मारून म्हणला, ह्यो दगड हाय, ह्यो टिकंल. मला न इचारता गेले हुते, लोकर विकाय म्हणून. लोकर विकली आन् सोताला बी देऊन आले.

तर तुमाला इचारायचं ते त्येंच्याबद्दलच हाय. आदी त्येंची पत्रं यायची ती निम्मी जनावरांचीच असायची. काळ्या मेंढीचं खूर बरं झालं का, चांदीच्या गळ्यातली घाटी वाजती का पडली. चांदी म्हंजी आमची बकरी, तुमाला ठाऊक हाय, तुमचा टोपीचा गोंडा खाल्ली हुती ती. गड्ड्याच्या जत्रंतनं तिला घाटी आणलेली, मला बांगड्या आणायच्या आदी. मी जळायचे त्या बकरीवर. आता मागची दोन पत्रं आली त्यात कायच न्हाय. "मी खुशाल आहे. काळजी करू नये. वडीलधाऱ्यांस नमस्कार." चांदीचं न्हाय, मेंढ्यांचं न्हाय, माझं तर न्हायच.

माझ्यावर राग असंल तर असू दे. दिवाळीच्या रजेवर आले हुते तवा मी भांडले, ठेसनावर तोंड फिरवून हुबी राह्यले. राग असला तर बरंच हाय. राग नसंल आन् दुसरंच काय असंल, त्येचंच मला भ्या वाटतं.

आमच्या वस्तीवरच्या सिद्धाप्पाची गोष्ट तुमी ऐकलीया. तात्यासंगं बसऱ्याला गेला हुता. पैलवान गडी, डोळ्यातनं टिपूस न्हाय, छातीवर बिल्ला घिऊन आला. वर्साच्या आत हिरीत गावला. कुणी ढकललं न्हाय, पाय घसरला न्हाय. माझ्या सासूबाई, आत्याबाई म्हणते मी त्यास्नी, त्या हिरीवरनं अजून पाणी आणत न्हायत. माझं येवढंच मागणं हाय, भाऊ. आमचं मालक परत यावं, आन् सगळंच्या सगळं यावं. सिद्धाप्पासारखं नुसतं अंग येऊ नये.

तुमी त्येंच्याजवळ झोपता, त्येंच्यासंगं जेवता. नीट बगा आन् मला लिवा. मी मधी वाईच पडून हुते, त्येचं काय न्हाय. त्येंना सांगू नका.

राजाबाई


देगावचा माळ
ता. २८ एप्रिल १९३७

इमामभाऊ,

तुमचं पत्र आलं आन् मी मावशीला निम्मंच वाचून दावलं. बाकीचं गिळलं. देवा, काय काय लिवता तुमी! आईला असलं कुणी लिवतं का?

दुधनीचा चन्नप्पा गेला. त्येला मी बगितलं न्हाय, पर तुमच्या पत्रातनं वळखत हुते. कानडीत शिव्या देणारा, दर ऐतवारी मिशा कापणारा. खिंडीत सडकंवर गाड्या आडवल्या, वरनं गोळ्या आल्या, आन् त्यो आमच्या मालकांच्या शेजारीच पडला. ह्येंनी त्येला पाठीवर घिऊन खाली आणलं. तुमी लिवलंय की भिमानं हात धुतलं, रोटी खाल्ली, बंदूक पुसली आन् झोपला. साहेबानं सगळ्यांम्होरं पाठ थोपटली. आन् तुमाला वकारी झाली, चन्नप्पाचा ताट-लोटा बगून तुमी जेवणाच्या रांगंतच रडला, सुभेदारानं हाकलून दिलं.

वाचून मला अभिमान वाटला. खोटं कशाला बोलू? वस्तीवर सगळ्यांना सांगितलं की आमच्या मालकांनी गोळ्यांतनं माणूस पाठीवर आणला. आत्याबाईनं बिरोबाला भंडारा वाह्यला. आन् मंग भाकरी थापताना माझा हात थांबला. हात धुतलं, रोटी खाल्ली, झोपलं. चन्नप्पाच्या नावानं दोन शब्द बी न्हाईत? मला त्येंचं पत्र आलं त्याच टपालानं. "मी खुशाल आहे." चन्नप्पाचं नाव न्हाय.

आता मी बोलते त्येचा राग धरू नका. भाऊ, तुमी हे रडणं बंद करा. माणूस खंबीर ऱ्हातो त्यो आजूबाजूची खंबीर असली तर. तुमी दिसभर त्येंच्या कानाशी कुरकुर करता, ह्ये दुखतं, त्ये टोचतं, चन्नप्पा असा हुता न् तसा हुता. दगडाला बी पाण्यानं खळगा पडतो की! त्येंना सावरून धरणारा माणूस पायजे, त्येंच्या गळ्यात पडणारा नको. तुमी पुरुष हाय का न्हाय? त्येंच्यासारखं व्हा. आन् मावशीला असली पत्रं पाठवू नका, ती दोन दिस जेवली न्हाय. खुशाल हाय म्हणून लिवा, बास.

मावशीला मी ह्ये लिवलेलं ठाऊक न्हाय. ती हितं बसून बांगड्या सुतळीत ओवती आन् म्हणती, "लिख, कंकर निकाल के खा."

आमच्याकडचं सांगायचं तर चांदी विकली. रातभर ब्यां ब्यां करती, काटा रुतला तरी वरडती, कोल्हं दिसलं तरी वरडती, काय न्हाय दिसलं तरी वरडती. मला आदीच झोप लागत न्हाय. आत्याबाईनं बी नाद सोडला. मंगळवारच्या बाजारात मोडनिंबच्या एका गड्याला दिली. येडूतात्या तेवढा आडवा आला. म्हणला, "पोरी, कळपातलं बोंबलणारं जनावर इकू ने. कापायचं तर मेंढरू काप." आन् घाटी सोडताना ह्ये एवढं रडला. आत्याबाई म्हणली, भावजी, तुमालाच विकायला पायजे हुतं.

त्येंना बकरीचं कळवू नका.

राजाबाई


देगावचा माळ
ता. २० जून १९३७

इमामभाऊ,

तुमचं पत्र आलं.

मावशी त्ये घिऊन आली तवा नेहमीसारखी पोरं गोळा झाली. मी उघडलं. "मी खुशाल आहे. काळजी करू नये. सर्वांस सलाम." उलटून बगितलं, मागं कोरं. मावशीला वाटलं मी लपवतीया. म्हणली, "पूरा पढ." मी म्हणलं, मावशी, येवढंच हाय. तिनं तीनदा वाचून घेतलं, मंग तिचं तोंड असं फुललं! "मेरा इमाम मर्द हो गया गे! रोया नै! कंकर का नाम नै!" पळत जाऊन दुकानातनं साखर आणली, वस्तीवर घरोघर वाटली. माझ्या हातावर बी चिमूट ठेवली. ती साखर तोंडात घालवंना मला.

कारण ते शब्द माझ्या वळखीचे हायत, भाऊ. अक्षर तुमचं, पर पत्र त्येंचं.

आदी हितं काय घडलं ते सांगते. मागच्या आठवड्यात भर दुपारी, मेंढरं बाभळीखाली उन्हाची हुबी हुती, एकमेकांच्या पोटाखाली मुंडकी घालून. तात्या वढ्याला पाणी बगाय गेला. मी हाकंच्या टप्प्यात सूत काढत बसलेले. वारं न्हाय, आवाज न्हाय. मला वाटलं, किती निवांत हाय आज, चांदी नसल्याचं सुख. तात्या परत आला आन् त्येनं बोंब ठोकली. लांडगा येऊन गेला हुता. दोन मेंढ्या फाडून टाकलेल्या, एक वडून नेलेली. माझ्यापासनं हाकंवर! आन् मला कायबी ऐकू आलं न्हाय. नरडीला दात लागलं तरी मेंढी वरडत न्हाय, भाऊ. शेजारची बी वरडली न्हाईत. रगात अंगावर उडालेलं, आन् तशीच हुबी, मुंडकी घालून.

आत्याबाईनं कपाळ बडवून घेतलं. सात पिढ्यांची धनगरं आमी, आमाला ठाऊक नव्हतं का, कळपात बकरी कशाला ठेवत्यात ते? ठाऊक हुतं की. झोपंच्या पायी इसरलो.

तात्या मेलेल्या मेंढ्यांपाशी बसला हुता. रडत हुताच. मी म्हणलं, तात्या, सिद्धाप्पा कसा गेला खरं सांगा. इतकी वर्सं ह्या माणसाला कुणी इचारलंच नव्हतं. त्येला बी नवल वाटलं. मंग म्हणला:

"पोरी, बसऱ्याकडं आमाला येढा पडला हुता. घोडी कापून खाल्ली. मी रोज रडायचो. भूक लागली म्हणून रडायचो, आईची याद आली म्हणून रडायचो. सिद्धाप्पा मला शिव्या द्यायचा, रडक्या म्हणायचा, पर झोपाय माझ्याच कडंला यायचा. त्येला जे बोलता येत नव्हतं ते मी बोलायचो, आन् त्यो ऐकायचा. एकाच्या रडण्यावर दोघं तरलो आमी. घरी आल्यावर मी मेंढरं घिऊन दक्षिणंला गेलो, त्यो हितंच ऱ्हायला. लोकं म्हणायची, वाघ हाय, वाघ हाय. वाघाला कोण इचारतं, काय दुखतं रं म्हणून?"

आन् मी तुमाला काय लिवलं हुतं, भाऊ? रडणं बंद करा. त्येंच्यासारखं व्हा.

तुमी माझं ऐकलं, व्हय ना? सगळ्या जलमात कुणाचं ऐकलं न्हाय, सुभेदाराचं ऐकलं न्हाय, आईचं ऐकलं न्हाय, आन् माझं ऐकलं! मावशी साखर वाटती आन् मला रडायला येत न्हाय. मी तुमच्या हातनं त्येंच्या कळपातली बकरी विकली.

ह्या पत्राचं उत्तर लगोलग टाका. तुमी कसं हाय ते लिवा. खुशाल हाय असं लिवू नका. ते कसं हायत, जेवत्यात का, बोलत्यात का. तात्या रोज सांजंला मेंढरांची तोंडं बगत फिरतो, रवंथ चालू हाय का म्हणून. मेंढराचं दुखणं तेवढ्यावरनंच कळतं, दुसरं ते काय दावत न्हाय. तसं बगा त्येंच्याकडं.

राजाबाई


देगावचा माळ
ता. ११ जुलै १९३७

इमामभाऊ,

उत्तर न्हाय. टपालवाला आला की मी रस्त्यापतूर पळते, तर त्यो लांबनंच हात हलवतो. शेजारच्या वाडीत तार आली, कुणाचीतरी म्हातारी वारली. त्यो तारवाला सायकल घिऊन आमच्या बांधावरनं गेला तवा मी तव्यावरची भाकरी तशीच सोडून त्येच्यामागं पळाले.

तुमी लिवाय तयार न्हाय तर मी सुरू करते. कसं लिवायचं ते इसरला असाल तर शिका माझ्याकडनं. आन् ह्ये पत्र एकलं वाचायचं न्हाय. त्येंना म्होरं बसवा आन् मोठ्यानं वाचा. तुमचा साहेब पत्रं उघडून बगतो म्हणं. बगू दे. साहेबा, तुला बी आई असंल.

घ्या.

माझ्या टाचांना भेगा पडल्यात, चालताना चरचरतं. जात्याचा खुंटा ढिला झालाय, दळताना हात सोलतो. आत्याबाई माझ्या हातची आमटी खाती आन् रोज म्हणती, मीठ कमी. मी घातलं की म्हणती, जास्त. सरपण वलं, चूल धुमसती. पावसानं तोंड दावलं आन् पळाला. लांडग्यानं तीन मेंढ्या मारल्या, त्यात काळी हुती, जिचं खूर दुखत हुतं ती. चांदी मी विकली. व्हय, मी विकली, आत्याबाईनं न्हाय, माझाच हट्ट हुता. तिचं वरडणं ऐकलं की मला ठेसन आठवायचं, म्हणून विकली.

अवं, ऐकताय न्हवं? आता तुमालाच सांगते, इमामभाऊ नुसतं वाचत्यात. मी रागानं तोंड फिरवलं नव्हतं. रडायला येत हुतं, आन् तुमच्या म्होरं रडायचं नव्हतं. तुमचा हवालदार तुमाला दगड म्हणला, आत्याबाई मला बी तेच म्हणती, आमची सून दगड हाय, कदी रडली न्हाय. दोन दगडांचा संसार, बोलणार कोण?

दिवाळीनंतर मला दिस गेले हुते. तुमाला कळवायचं हुतं, पर म्हणलं राग गेला की कळवू. माघ लागताना पडलं. आठ दिस उठले न्हाय. मुलगा हुता असं सुईण म्हणली. त्या आठ दिसांत तुमचं पत्र आलं आन् मी उत्तर लिवलं, आठवतंय काय लिवलं? "इकडे सर्व खुशाल. काळजी करू नये." तुमी एकटं न्हाय लिवत तसं. मी बी तेच लिवते की.

मला भ्या वाटतं. तुमी याल आन् सिद्धाप्पासारखं अंगणात बसाल, लोकं म्हणतील वाघ हाय, आन् मी पाणी आणाय कुठल्या हिरीवर जाऊ? मला झोप लागत न्हाय. मला तुमी पायजे. ह्ये लिवताना मी रडतीया, अक्षर फुटलंय ते बगा. आत्याबाई दारातनं बगून गेली, माझ्याकडचं दळण तेवढं उचलून नेलं.

इमामभाऊ, वाचून झालं की तुमी रडा. माझी शपथ.

राजा


देगावचा माळ
ता. २९ ऑगस्ट १९३७

इमामभाऊ,

तुमचं पत्र हातात घेतलं आन् आदी वजनावरनंच कळलं. पाच पानं! मावशी हिरमुसली, म्हणली, "फिर रोया?" मी म्हणलं, मावशी, लई रडलाय. आन् तिला मिठीच मारली, बांगड्या फुटल्या दोन.

मंग बाजूला जाऊन एकलीनं वाचलं.

तुमी लिवलंय की माझं एप्रिलचं पत्र वाचून तुमी गप झाला. गप झाल्यावर आदी आदी भिमा तुमच्याकडं बगायचा, जसं कायतरी हरवलंय. मंग बगायचा बी बंद झाला. जेवायचा, पहारा करायचा, बंदूक पुसायचा. साहेब म्हणायचा, भिमासारखी दहा माणसं द्या. आन् तुमाला बी आतनं सगळं सुकल्यासारखं झालं, काय दुखतंय ते बी कळंना. दोघं एका तंबूत, दोघं खुशाल.

आन् मंग माझं पत्र आलं त्या दिसाची गोष्ट. टेकडीवरच्या मोर्च्यामागं आमचं मालक एकलं बसलं हुतं, बंदूक मांडीशी, एका पायातला बूट काढून ठेवलेला. बूट कशाला काढला ते तुमी लिवलं न्हाय. मी तात्याला इचारलं, तर त्येनं काठीचं टोक हनुवटीखाली धरलं, पायाचा अंगठा घोडा दाबल्यासारखा हलवून दावला आन् उठून मेंढरांकडं गेला. तवा मला समजलं. सिद्धाप्पानं हीर गाठली, ह्येंनी बूट काढला. तशीच म्होरं वाचत गेले, भाऊ.

तुमी त्येंना काय करतोस म्हणून इचारलं न्हाय. जाऊन शेजारी बसला, आपला बी बूट काढला आन् म्हणला, "बग रं भिमा, माझ्या टाचंला कसा फोड आलाय. लई दुखतंय रं." आन् रडायला लागला. असला माणूस मी जलमात बगितला न्हाय! रडता रडता त्येंची बंदूक सरकवून आपल्या पलीकडं ठेवली आन् खिशातनं माझं पत्र काढलं.

चांदी विकली इथवर आल्यावर ते म्हणलं, "कुणाला इचारून इकली?" कितीक दिसांतनं त्येंचं पैलं बोलणं. तुमी लिवलंय, "असा राग आला हुता त्येला की मला वाटलं मलाच मारतोय, आन् मला लई बरं वाटलं." मंग म्होरचं वाचलं, पोराचं. तवा त्येंनी तुमच्या खांद्यावर डोकं टेकलं आन् चन्नप्पा, चन्नप्पा म्हणून असं रडलं की खालनं सुभेदार धावत आला. चन्नप्पा म्हणून. पोराला नाव नव्हतं, म्हणून चन्नप्पाचंच घेतलं असंल.

आता दवाखान्यात ठेवलंय, डाक्टरनं निजायचं औषध दिलंय, तुमाला रोज भेटाय सोडत्यात ह्ये वाचून जीव थाऱ्यावर आला. साहेब म्हणला म्हणं, भिमासारखा गडी असा कसा ढासळला, आन् ह्यो रडका कसा टिकला? साहेबाला सांगा, आमच्या माळावर ये, मेंढरं राखाय शिकवतो.

मावशीला मी बुटाचं सांगितलं न्हाय. एक सांगितलं, मावशी, तुमच्या पोरानं माझं कुंकू राखलं. ती म्हणली, "वो? वो तो रोता बैठा होगा!" व्हय मावशी, मी म्हणलं, रडतच बसला हुता.

तुमची बहीण,
राजा


देगावचा माळ
ता. १० ऑक्टोबर १९३७

अवं,

ह्ये पत्र तुमालाच. इमामभाऊंनी वाचलं तरी चालंल, त्येंच्यापासनं आता लपवण्यासारखं काय ऱ्हायलंच न्हाय.

चांदी परत आली. मी मोडनिंबला जायची तयारी केली हुती, भाकरी बांधली हुती, तर त्यो गडीच तिला दाव्याला धरून वस्तीवर हजर. म्हणला, "बाई, तुमची बकरी तुमी घ्या. घरात कुणाच्या डोळ्याला डोळा न्हाय, शेजारी काठ्या घिऊन आलं." आत्याबाईनं तिला व्हट्यावर बांधली, तुमची घाटी परत घातली. आल्या आल्या तिनं तात्याचं पागोटं चावलं. त्यो रडला, ह्ये सांगायला नकोच.

तुमी दिवाळीला येता का न्हाय ते डाक्टर ठरवणार म्हणं. मी वाट बगते, आन् मला अजून भ्या वाटतं. तुमी याल तवा सगळं याल का, ठाऊक न्हाय. जेवढं याल तेवढं या, ऱ्हायलेलं बोलत बोलत आणू. ठेसनावर मी तोंड फिरवणार न्हाय, रडणारच हाय, लाज वाटली तर तुमी इमामभाऊंच्या मागं लपा.

आन् तुमचं पत्र. तुमच्या हातचं, वाकडंतिकडं, शाईचं डाग पडलेलं. मी ते नेहमीसारखं सगळ्यांम्होरं उघडलं आन् पैल्या वळीला वाटलं आता "खुशाल" येतंय. तर लिवलेलं, "इथली खाट खचलेली हाय, पाठ मोडती. रोटी कच्ची असती. डाळीत खडे असत्यात, काल दाताचा टवका उडाला."

पोरं हसाय लागली, म्हणली, भिमाकाका बी रडका झाला. येडूतात्या मातूर हसला न्हाय. मेंढरांकडं बगतो तसा पत्राकडं बगत हुता. हळूच म्हणला, "रवंथ सुरू झालं, पोरी."

मी उठले, दुकानाकडं पळाले आन् साखर आणली. घरोघर वाटत चालले तर बायका इचाराय लागल्या, काय गं राजा, मालकांना बढती मिळाली व्हय? मी म्हणलं, न्हाय वो, त्येंच्या डाळीत खडे निघालं.

राजा